‘ने’ म्हणाली ती

“तने, थांब. तुळस.”

आत्या अशी गपकन थांबली की मागून येणारी मी तिच्या पाठीवर आदळले. ग्रीस देशातलं केफालोनिया नावाचं बेट, त्यावरचं आर्गोस्तोली नावाचं गाव, गावातली चढाची एक गल्ली आणि सकाळचे अकरा. एका निळ्या दाराच्या पायरीवर तेलाचा जुना पत्र्याचा डबा होता, पांढरा रंग फासलेला. त्यात बारीक पानांचं, न्हाव्याकडून कापून आणल्यासारखं गोल गरगरीत झुडूप.

“आत्या, ती तुळस नाही. बेसिल आहे. पिझ्झ्यावर घालतात.”

“पिझ्झ्यावर घालतात म्हणे. पिझ्झ्यावरचं कुणी दारात लावतं का?” असं म्हणून आत्यानं भर रस्त्यात स्पोर्ट्सचे बूट काढले, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्या तेलाच्या डब्याला नमस्कार केला.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, विजयमाला मोहिते. कराडच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण ते शाळेला कळलं, तिला अजून कळलेलं नाही. गावात ती दिसली की पन्नाशीच्या बायकासुद्धा स्कूटर थांबवून उतरतात. बाबांचं दहावीच्या परीक्षेचं केंद्र तिच्याच शाळेत आलं होतं, तेव्हा बुटात ठेवलेली चिठ्ठी तिनं स्वतः काढून त्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. सख्ख्या भावाला. आमच्या घरात “मी झोपलोय म्हणून सांग” असं फोनवर कुणी म्हणायचं असेल, तर आधी आत्या घरात नाही ना ते बघून म्हणतात.

भूमध्य समुद्रातल्या सात दिवसांच्या क्रूझला ती तिच्या मैत्रिणीबरोबर जाणार होती. मैत्रिणीनं दोन महिने आधी बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून घेतला आणि तिच्या जागी माझी वर्णी लागली. सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. माझ्या मैत्रिणी जळून खाक झाल्या. त्यांना काय माहीत, की मी चाळीस मराठी काका-काकूंबरोबर जाणार होते आणि माझा फोन आत्याच्या पर्समध्ये जाणार होता.

त्यात त्या दिवशी सकाळी नाश्त्याला तिनं कहर केला. जहाजाच्या अकराव्या मजल्यावर आमची सगळी मंडळी बसली होती. कुणीतरी सहज विचारलं, मुलगी अभ्यासात कशी आहे. दुसऱ्या कुणाचीही आत्या असती तर “बरी आहे” म्हणाली असती. माझी आत्या म्हणाली, “गणितात एकोणतीस. पन्नासपैकी नव्हे, शंभरपैकी.”

चाळीस जणांनी एकदम चमचे खाली ठेवले.

“पाढे कच्चे असणार,” जाधव फौजदार म्हणाले. ते पोलिसातून निवृत्त झालेले आणि निवृत्तीचा आत्याइतकाच परिणाम न झालेले. हातातलं उकडलेलं अंडं माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, “बोल, सतरा साते?”

मी पाव तोंडात कोंबला. तेव्हा माझं तोंड चारचौघांत फक्त जेवायला उघडायचं.

“बघा,” आत्या म्हणाली. “हिला लोकांत बोलताच येत नाही. आणि ऐक, आज गावात गेलो की बोलणं मी करीन. मी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही.”

बरं, म्हटलं. नाही घालत.

तर ती गल्ली. निळ्या दाराशेजारी खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. काळा झगा, पांढरे केस, मांडीवर परात, आणि परातीत वाटाण्याच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या शेंगा. परदेशी बाई आपल्या डब्याच्या पाया पडतेय, हे बघून तिचं सोलणं थांबलं होतं. ज्याला इंग्रजी येत नसेल त्याच्याशी सरळ मराठीत बोलायचं, हा आत्याचा नियम. झुडपाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “तुळस?”

“ने, ने,” म्हातारी तोंडभर हसली. “वासिलिकोस.”

आत्या हळूहळू माझ्याकडे वळली. तिचे डोळे केवढे झाले होते.

“ऐकलंस?”

“काय?”

“‘ने’ म्हणाली ती.”

आता इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी. जहाजावर रोज संध्याकाळी खोलीत एक पत्रक यायचं. उद्या कुठलं बंदर, पाऊस पडेल का, किती वाजता परत यायचं, वगैरे. फोन नसल्यामुळे मी ते संडासात बसून अथपासून इतिपर्यंत वाचायचे. आदल्या दिवशीच्या पत्रकात तळाशी एक चौकट होती, पाच ग्रीक शब्दांची. एफहारिस्तो म्हणजे धन्यवाद. ओही म्हणजे नाही. आणि ने म्हणजे हो.

म्हणजे म्हातारी म्हणाली होती, “हो, हो.” एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी तोंड उघडलंही.

आत्यानं माझ्याकडे न बघताच बोट पुढे धरलं. “मध्ये बोलू नकोस म्हटलं ना.”

मी तोंड मिटलं. एवढी आज्ञाधारक मी जन्मात कधी झाले नव्हते.

आत्यानं आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग डब्यावर ठेवला आणि विचारलं, “नेऊ?”

“ने.”

“खरंच नेऊ?”

“ने, ने.”

“अख्खा डबाच?”

“ने, ने, ने,” म्हातारी म्हणाली, आणि आत्याचा गाल तिनं असा थोपटला, की तो गाल थोपटायची हिंमत मी माझ्या आजोबांनाही झालेली पाहिली नव्हती. मग पंजा वर करून काहीतरी बोलली आणि परात घेऊन घरात गेली. तो पंजा ‘थांबा’ म्हणून होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आत्याला तो आशीर्वाद वाटला.

“आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन,” आत्या डबा उचलत म्हणाली. “एकेरीत बोलली बघ. पण वयानं मोठी आहे, शोभतं तिला.”

“पण आत्या, तिला मराठी कसं येईल?”

“येतं असं मी कुठं म्हणतेय? भाषा सगळ्या एकाच कुळातल्या असतात. संस्कृतमध्ये ‘नी’ धातू आहे. नयति. यांच्याकडंही तोच असणार. नववीला गेलीस की कळेल.”

मग कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही म्हणून तिनं पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. घरची, बिननावाची, लालभडक. डब्याच्या जागी ती पुडी ठेवली, बंद दाराला पुन्हा एक नमस्कार घातला, आणि आम्ही निघालो.

पुढचे दोन-तीन तास मी जितकी सुखात होते तितकी त्या सगळ्या क्रूझमध्ये नव्हते. उन्हं डोक्यावर आलेली, आत्या नारायणपेठ नेसून कडेवर मूल घ्यावं तसा तेलाचा डबा घेऊन गावभर फिरतेय, लोक वळून वळून बघतायत, आणि या सगळ्याचा अर्थ त्या अख्ख्या बेटावर एकट्या मला माहीत. दुकानातल्या बाया हसून झुडपाकडे बोट दाखवायच्या. आत्या मान लववून म्हणायची, “तुळस. दिली एका बाईनं.” प्रत्येक वेळी माझ्या पोटात हसण्याचा बुडबुडा यायचा आणि मी तो खोकल्यात घालवायचे.

“पाणी पी,” आत्या म्हणायची. “सर्दी होईल.”

गावासमोरच्या धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या लागतात. तिथं मासळीचं टाकलेलं खायला परातीएवढी कासवं येतात. आमची मंडळी तिथंच जमलेली होती. आत्याचा डबा बघून कासवांना कुणी विचारेना. पवारकाकूंनी हळदीकुंकवाची डबी काढली. आमची टूर मॅनेजर केतकी मॅडम, तिनंही मोबाइल बाजूला ठेवून हात जोडले. हकीकत तोंडातोंडी व्हायला लागली. पाच मिनिटांत म्हातारी मराठी बोलली झालं, दहा मिनिटांत तिला स्वप्न पडलं होतं असं झालं.

“नाही, नाही,” आत्या प्रत्येकाला दुरुस्त करत होती. “स्वप्नबिप्न काही नाही. मी ‘नेऊ?’ म्हटलं, ती ‘ने’ म्हणाली. एवढंच झालं.”

एक शब्द तिनं वाढवला नाही. वाढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग आम्ही दोघी बाकावर बसलो. डबा मांडीवर घेऊन ती पानांवरची धूळ पदरानं पुसत होती. म्हणाली, “फाटकाशेजारी लावू. आणि कुणी विचारलं तर सांगीन, तनीमुळं मिळाली. त्या गल्लीत तूच वळलीस ना पहिल्यांदा?”

मी वळले होते कारण कोपऱ्यावरच्या पाटीवर फुकट वायफाय लिहिलं होतं.

“सकाळी जरा जास्तच बोलले मी,” डब्याकडे बघतच ती म्हणाली. “एकोणतीसचं.”

हे मला अजिबात आवडलं नाही. आपण चांगले रागावून बसलेलो असताना समोरच्यानं असं अचानक चांगलं वागू नये. पंचाईत होते. मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारच होते. पण एवढ्यात कासवानं मान वर काढली आणि सगळे तिकडे धावले, आणि मग राहिलंच.

चारला जहाज सुटणार होतं. तीन वाजता आम्ही बंदराच्या फाटकाशी आलो तर केतकी मॅडमनं आत्याला हळूच बाजूला घेतलं. “बाई, माती असलेलं झाड जहाजावर नेता येत नाही हो. सिक्युरिटी काढून घेईल.”

“शालीत गुंडाळा,” जाधव फौजदार पुढे होऊन म्हणाले. “पोटाशी धरा, वर पदर. चक्कर आल्यासारखं करा. मी पुढं जाऊन यंत्रापाशी गोंधळ घालतो.”

“जाधव, तुम्ही पोलिसात होता ना?”

“म्हणून तर म्हाईत हाय.”

“मी काही चोरून नेत नाहीये,” आत्या म्हणाली. “दिलेली वस्तू आहे. मी रीतसर विचारणार.” आणि डबा छातीशी धरून ती तपासणीच्या रांगेत उभी राहिली.

ती टेबलापर्यंत पोचते न पोचते तोच मागून आवाज आला. काळ्या झग्यातली ती म्हातारी, आणि तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढत आणणारी चाळिशीची एक बाई. बाईच्या दुसऱ्या हातात आमची चटणीची पुडी होती, मेलेला उंदीर धरावा तशी शेपटाला धरलेली. आम्हाला शोधून काढणं काही अवघड नव्हतं. नारायणपेठ नेसून झाड घेऊन फिरणारी बाई कुठं गेली, हे त्या दिवशी गावातलं कुत्रंही सांगू शकलं असतं.

बाईला इंग्रजी चांगलं येत होतं. तिचं नाव एलेनी आणि म्हातारीचं गेरासिमूला, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं, की ती सरळ आत्यापुढे आली आणि म्हणाली, “हे माझ्या आईचं आहे. तुम्ही आमच्या दारातून चोरलंत.”

ती ‘स्टोल’ म्हणाली. एवढं इंग्रजी चाळीसही जणांना येत होतं. आमचा ग्रुप त्या अख्ख्या सहलीत पहिल्यांदा गप्प झाला.

आत्यानं डबा आणखी घट्ट धरला. “युवर मदर,” ती म्हणाली, “टोल्ड मी टेक.”

एलेनीनं ग्रीकमध्ये आईला विचारलं. म्हातारीनं मान मागे टाकली. “ओही.”

“आई म्हणते तिनं असलं काही सांगितलं नाही. ती तुमच्यासाठी आत गोड आणायला गेली होती. बशी घेऊन बाहेर आली तर तुम्ही नाही, वासिलिकोस नाही. दरवर्षी ती स्वतःचं बी राखून ठेवते. यंदा एवढं एकच रोप उगवलं होतं.” मग तिनं पुडी टेबलावर ठेवली. “आणि हे काय आहे?”

“चटणी,” चाळीस जण एका सुरात म्हणाले.

टेबलामागचा रखवालदार उभा राहिला आणि त्यानं कमरेचा वॉकीटॉकी हातात घेतला. पोलिस बोलावतो, असं काहीतरी तो एलेनीला सांगत असावा. केतकी मॅडम घड्याळ बघायला लागली.

“मी,” आत्या मराठीत म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे, “आजवर कुणाची टाचणी उचललेली नाही.”

“तसं नाही हो बाई,” पवारकाकू हळूच म्हणाल्या. “पण नीट विचारलं होतं ना तुम्ही?”

याच पवारकाकूंनी दोन तासांपूर्वी त्या डब्याला कुंकू लावलं होतं. ते अजून पत्र्यावर दिसत होतं. मी बघितलं, आमची मंडळी आत्यापासून एकेक पाऊल मागे सरकली होती. मुद्दाम कुणी नाही, पण सरकली होती. आणि आत्या पत्र्यावरचं ते कुंकू अंगठ्यानं पुसत होती.

“बाई, घाबरू नगा,” जाधव फौजदारांनी छाती पुढे काढली. “साक्षीदार हाय का कुणी?”

आत्या वळली. “तने. तू होतीस. ती ‘ने’ म्हणाली का नाही?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चाळीस मराठी, दोन ग्रीक आणि एक रखवालदार.

“म्हणाली,” मी म्हणाले.

“झालं,” फौजदार म्हणाले. “साक्ष झाली.”

आणि खरंच, मी तिथं थांबू शकले असते. खोटं बोलले नव्हते. आत्याला ‘ने’ म्हणजे काय ते माहीत होतं, एलेनीला ‘ने’ म्हणजे काय ते माहीत होतं, दोघी आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि अशाच खऱ्या राहून पोलिस येईपर्यंत उभ्या राहिल्या असत्या. दोन्ही अर्थ ठाऊक असलेली एकच व्यक्ती तिथं होती. आणि ती मी होते.

मी आत्याच्या बाजूनं निघून एलेनीसमोर जाऊन उभी राहिले. माझं तेव्हाचं इंग्रजी म्हणजे शाळेतलं, त्यात क्रियापदं सांडलेली. तरी बोलले. म्हणाले, तुमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे हो. आमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे घेऊन जा. माझ्या आत्यानं विचारलं, नेऊ, म्हणजे घेऊन जाऊ. तुमची आई म्हणाली, ने. आत्यानं विचारलं, खरंच घेऊन जाऊ. तुमची आई म्हणाली, ने, ने. आत्यानं विचारलं, अख्खा डबा. तुमची आई म्हणाली, ने, ने, ने.

एलेनीनं एकदा आत्याकडे बघितलं, एकदा पुडीकडे. ओठ दाबून धरले तिनं, पण नाकातून हसू फुटलंच. वळून तिनं आईला सांगायला सुरुवात केली. मध्ये मध्ये ती डबा उचलल्याचा अभिनय करत होती.

“ने?” म्हातारी म्हणाली. तिचा विश्वास बसेना.

“ने, ने,” आमचे चाळीस जण म्हणाले.

म्हातारी जी हसायला लागली ती कठड्यावर बसलीच. रखवालदार हसला. वॉकीटॉकीत काहीतरी सांगून त्यानं तो कमरेला लावला, आणि पलीकडूनही कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. पवारकाकू डोळे पुसत “अगं बाई, अगं बाई” करत होत्या. सरकलेले सगळे पुन्हा जवळ आले.

आत्या हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. चौतीस वर्षं मुलींचे चेहरे वाचलेली बाई. मी खाली बघितलं, आणि तिथंच सगळं कबूल झालं.

दुर्दैवानं चेहरे वाचणारं आणखी एक माणूस तिथं होतं.

“एक मिनिट,” जाधव फौजदार म्हणाले. “हिला ग्रीक कधीपासनं येतंय? म्हंजे त्या गल्लीतच हिला ठावं हुतं का काय? आन् तरी ही चार तास गप बसली?”

हसणं एकेक करून थांबलं. मी मान वर केली. मी ‘हो’ म्हणणार होते. आज कुणाला खरं वाटो न वाटो, पण ओठांवर आलंच होतं.

“नाही,” आत्या म्हणाली.

“बाई, पण त्या पत्रकात—”

“नाही म्हटलं ना, जाधव. तिला आत्ता सुचलं. इथं उभ्या उभ्या. क्षणात.”

तिचा आवाज प्रार्थनेच्या वेळी मैदानावर लागायचा तसा लागला होता. जाधव फौजदारांनी अख्ख्या नोकरीत कितीतरी बनेल माणसं बघितली असतील. पण मोहितेबाई सांगतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “मग डोकं हाय पोरीचं,” ते म्हणाले. “गणित कच्चं असंना का.”

कुणालाच शंका आली नाही. यायची कशी? त्या बाईंनी सख्ख्या भावाला सोडलं नव्हतं.

मग आत्यानं डबा गेरासिमूलाआजीच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. मला म्हणाली, “सांग तिला, चूक माझी. न थांबता निघाले ते माझं चुकलं.” आत्याच्या तोंडून हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मलाच भाषांतर करायला लागलं. मी एलेनीला सांगितलं, एलेनीनं आईला. म्हातारीनं झुडपाची एक फांदी मोडली आणि आत्यापुढे धरली. “ने,” ती म्हणाली.

आत्यानं हात पुढे केला, मग मागे घेतला. “विचार तिला, हो म्हणतेय का ने म्हणतेय.”

मी विचारलं. एलेनीनं आईला विचारलं. म्हातारीनं आत्याचा गाल पुन्हा थोपटला आणि फांदी तिच्या अंबाड्यात खोचली.

पुडी एलेनी परत देत होती. फौजदारांनी ती तिच्याच हातात दाबून दिली आणि खाणाखुणा करून ती कशी खायची ते सांगितलं. त्यांच्या खुणा बघून तिला ते औषध वाटलं असावं.

जहाज सुटलं तेव्हा आम्ही दोघी वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभ्या होतो. गाव आणि गावामागचे डोंगर मागे मागे जात होते. आत्यानं अंबाड्यातली फांदी काढून हुंगली. मग म्हणाली, “सकाळपासून माहीत होतं?”

“काल संध्याकाळपासून.”

“मजा आली?”

“आली,” मी म्हणाले. “कासवांपर्यंत.”

तिनं फांदी परत अंबाड्यात खोचली. मी म्हणाले, “सॉरी.”

“गप्प बसलीस त्याबद्दल, का मुद्दाम गप्प बसलीस त्याबद्दल?”

“मुद्दाम.”

“मग ठीक,” आत्या म्हणाली, आणि आम्ही चहा प्यायला गेलो. फौजदारांना जे सांगितलं त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पण ते तिथं संपलं नाही. पवारकाकूंनी कराडात ही हकीकत सगळ्यांना सांगितली. मग लोक आत्याकडेच ती ऐकायला यायला लागले, आणि आत्याला ती सांगावी लागली. गेली तीन वर्षं ती सांगतेय. लग्नात, बारशात, हॉस्पिटलात कुणाला बघायला गेली तरी. स्वतःची फजिती ती अगदी हातचं न राखता सांगते. बूट काढल्याचं, धातू-बितू काढल्याचं, सगळं. आणि शेवटी म्हणते, “आणि आमची तनी. तोवर माणसात तोंड उघडलं नव्हतं पोरीनं. पण तिला क्षणात सुचलं.” ‘क्षणात’ म्हणताना ती दर वेळी माझ्याकडे बघते. रागानं नाही. नुसती बघते. मग सगळे माझ्याकडे बघतात आणि कुणीतरी माझी पाठ थोपटतं, आणि मी अंगावर झुरळ चढल्यासारखी उभी राहते.

गेल्या महिन्यात साताऱ्याला दादाचा साखरपुडा होता. मी आता दहावीत आहे. शाळेच्या वक्तृत्वाच्या ढाली आमच्या घरात टीव्हीच्या डोक्यावर मावेनाशा झाल्या आहेत आणि बाबा म्हणतात, मला बोलायला शिकवलं कुणी ते सापडलं तर त्याच्यावर केस टाकू. जेवणाच्या पंगतीत आत्यानं पुन्हा सगळी गोष्ट सांगितली. नवरीच्या मामी माझ्या समोरच बसल्या होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, “काय गं, एवढ्या लोकांत तुला बरं सुचलं पटकन?”

मी ठरवूनच आले होते. हातातला घास खाली ठेवला. “मामी, खरं सांगू का? मला ना तेव्हा—”

“हिला जिलेबी वाढा अजून दोन,” आत्या मोठ्यांदा म्हणाली. वाढपी वळला, मामींनी हात आडवा करून आपलं ताट झाकलं, आणि तेवढ्यात आत्या माझ्या कानाशी वाकली.

“गप जेव,” ती म्हणाली. “सबंध आयुष्यात एकच खोटं बोललेय मी. ते तरी धड टिकू दे.”